तालावर पडलेली हाक

बॉस्टन रोड, ब्रॉन्क्स
९ ऑक्टोबर १९८४

सेड्रिक,

प्रिय वगैरे लिहिणार नव्हते, आणि लिहिलेलं नाही. तू सध्या कुठल्या गावात, कुठल्या हॉटेलात लोळतोयस ते मला ठाऊक नाही, म्हणून पत्र तुझ्या रेकॉर्ड कंपनीच्या पत्त्यावर टाकते आहे. तिथल्या पोरीने फोनवर माझं नाव विचारलं. मी म्हटलं, "मिसेस पिंकनी, सेड्रिकची आई." ती किंचाळलीच. "अय्या, तुम्हीच का त्या? एकदा म्हणा ना!" मी फोन ठेवला.

तर अभिनंदन. तुझी रेकॉर्ड मी ऐकली. खरं म्हणजे आधी मी ती पोरांच्या तोंडून ऐकली. नेहमीसारखी शाळेसमोरच्या रस्त्यावर 'थांबा'ची पाटी घेऊन उभी होते. गाड्या थांबवल्या, पोरं भलतीकडूनच निघाली, म्हणून ओरडले, "ए, फुटपाथवर थांबा!" तर चौथीची अख्खी रांग कंबर हलवत एका सुरात ओरडली, "वर ये, नाहीतर येऊच नकोस!" मला वाटलं, पोरं वेडी झाली. मग त्या डेलोरिस गेन्सच्या नातीने समजावलं, "मिसेस पिंकनी, ते रेडिओवर आहे. तुम्ही रेडिओवर आहात." मी तिला म्हटलं, नाक पूस आणि शाळेत जा.

कामावरून सुटल्यावर तडक रेकॉर्डच्या दुकानात गेले. दुकानदाराने ती मोठी काळी तबकडी कौतुकाने लावली. आधी ते यंत्र: ढम् टक, ढम्-ढम् टक. माणूस ढोल वाजवतो तेव्हा मधूनच दम खातो. हे खात नाही. मग ती गिटार, कुणी स्वयंपाकघरात लोखंडी खुर्ची फरफटत नेतंय अशी. मग तो विजेवरचा बाजा, अंतराळातून येतोय असा. मग तू. तबकडीवर नाव काय, तर ग्रँड व्होल्ट! घरातला फ्यूज उडाला की माझ्या झग्यामागे लपायचास, तो ग्रँड व्होल्ट. आणि तू श्वास घ्यायला थांबलास की मी. माझा आवाज, आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून, जसाच्या तसा. दुकानदार म्हणाला, "सगळं गाणं त्या म्हातारीमुळे खपतंय." मी त्याला विचारलं, "कोण म्हातारी?" तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि तबकडीवरची सुई उचलली.

रविवारी चर्चमध्ये पांढरे हातमोजे घालून दाराशी उभी होते, लोकांना जागा दाखवत. पाद्रीबुवांनी प्रवचनात दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "प्रभू स्वर्गाच्या खिडकीतून काय म्हणतो? वर ये, नाहीतर..." पुढचं सगळ्या चर्चने म्हटलं. आपली शेजारीण ओडेसा टिमन्स हसून हसून बाकाखाली जायची राहिली होती. मी कधी कुणाला मान खाली घालायला लावली नाही, सेड्रिक, आणि कुणी मला लावलेली चालवून घेतली नाही. तू ती सगळ्या अमेरिकेसमोर घालायला लावलीस.

तुझा बाप मला सोडून गेला तेव्हा निदान गुपचूप गेला. त्याने रेकॉर्ड काढली नाही.

माझा आवाज त्यातून काढून टाक. कसा काढायचा ते तुझं तू बघ.

तुझी आई
यूला पिंकनी


२० नोव्हेंबर १९८४

सेड्रिक,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, म्हणजे मोठेपणाने सगळंच बदललेलं नाही.

लिहितोस की ते प्रेमाने घातलंय. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्या दिवशी आपल्या खिडकीखालच्या शाळेच्या आवारात तुमचा तमाशा चालला होता, नगरपालिकेच्या दिव्याच्या खांबातून वीज चोरून. तू एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून ढोलाचा तेवढाच तुकडा इकडून तिकडे, तिकडून इकडे लांबवत होतास, टेप चालू होती, कुणाचा तरी माइक उघडा राहिला, आणि माझी हाक नेमकी तालावर पडली. आणि तालावर पडलं ते ठेवायचं, हा तुम्हा लोकांचा नियम. मग ती टेप भाड्याच्या गाड्यांत वाजली, गिऱ्हाइकं तेवढीच जागा मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकायला लागली, आणि कंपनीतला तो डेनिस कोवाल म्हणाला की पोरा, ही हाक, हे यंत्र आणि माझी गिटार एकत्र आली तर गोऱ्यांची पोरंही नाचतील. नाचताहेत. मला सगळं समजलं. मी काही मठ्ठ नाही.

एक गोष्ट तेवढी तू लिहिली नाहीस. नाव.

तीच टेप तू मला मागे स्वयंपाकघरात ऐकवली होतीस, दात काढत. त्यात मी आधी "रेनिटा!" म्हणते. मग बाकीचं. रेकॉर्डवर नाव नाही. कुणी कापलं? डेनिस कोवालला तुझ्या बहिणीचं नाव माहीत असायचं कारण नाही. ते तूच कापलंस, पातं घेऊन, टेपच्या पट्टीवर. चार ठोक्यांत बसत नव्हतं ना? बस कर आता मला शिकवणं. बहीण तालात बसेना म्हणून तिला कापून टाकलं, एवढंच लिही की.

आणि वरून त्या मासिकात काय छापून आलंय! ओडेसाने मुद्दाम आणून दाखवलं. "आईने घराबाहेर काढलेला ब्रॉन्क्सचा पोरगा." तुला कुणी काढलं रे? त्या दिवशी सामान आवरून वर आलास आणि माझ्याच हातची चवळी आणि डुकराचं मटण चापलंस. "अजून मक्याचा पाव आहे का, ममा?" असंही विचारलंस. माझ्या मुलीचं दुःख होतं ते, सेड्रिक. तू ते अंगावर चढवून मिरवतोस.

आता मी तुला स्पष्ट सांगते, म्हणजे तुझ्या त्या काळ्या चष्म्यातूनही दिसेल. चर्च हसलं, पोरं हसली, ते मी गिळलं असतं. मी याहून मोठं गिळलेलं आहे. पण त्या दिवसापासून रेनिटाची खबर नाही. मला त्याच दुपारी जिन्यात कळलं होतं की ती त्या वेंडेल टब्सपासून पोटुशी आहे आणि शाळा कधीच सोडून बसली आहे. सांगितलं कुणी, तर ओडेसाने. मी खिडकी उघडली, तर ती कुंपणाशी त्याच्या गाडीला टेकून उभी. मी बोलले ते रागात बोलले आणि बरोबर बोलले. तुझ्याशी वाद घालायचा नाही मला. कुठल्याही आईने तेच म्हटलं असतं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, हात उडवला, गेलीस उडत असा, आणि गाडीत बसली.

पण मी एकदाच बोलले होते. राग उतरल्यावर दार उघडं ठेवलं होतं. त्या दिवसापासून साखळी लावलेली नाही मी, या असल्या बिल्डिंगमध्ये. आणि आता ती कुठेही असो, दुकानात असो, बसमध्ये असो, कुणाच्या तरी खिडकीखालून जात असो, तिथे रेडिओ असणारच. आणि तू माझ्याच तोंडाने तिला दर तासाला घराबाहेर काढतोस. मला ते सहन होत नाही. रात्री झोप लागत नाही. एवढंच आहे, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

हाक काढून टाक. नाही तर नाव परत घाल आणि पुढे मला दुसरं काहीतरी बोलू दे.

आई


२८ जानेवारी १९८५

सेड्रिक,

मी आज मुद्दाम शांतपणे लिहिते आहे. अक्षर बघ, कसं सरळ आलंय.

तूच लिहिलं होतंस, "ममा, क्लबांसाठी नवी आवृत्ती काढतोय, तू स्टुडिओत ये आणि तुला हवं ते बोल, रेनिटाच्या नावाने बोल, मी ते घालीन." मी सुट्टी काढली. चर्चचा निळा कोट घातला, टोपी घातली. गाडीत बसून मनातल्या मनात घोकत आले. तुझ्या त्या स्टुडिओत खिडकी नाही, हवा नाही, भिंतींना अंड्यांचे खोके चिकटवलेत. आणि तू त्या बंद खोलीत काळा चष्मा लावून बसलेला. मी विचारलं, "डोळे आले का?" तेव्हा तुझी मित्रमंडळी हसली आणि तू मात्र हसला नाहीस.

डेनिस कोवाल माणूस बरा वाटला मला आधी. केस बायकांसारखे, पण खुर्ची दिली, कॉफी दिली. कानांवर ते टोपण घातलं आणि यंत्र सुरू केलं. मी म्हटलं, "रेनिटा, वर ये. जेवण झाकून ठेवलंय."

काचेपलीकडून डेनिस म्हणाला, "सुंदर, मिसेस पिंकनी. फक्त जरा... रागात?"

"मी रागात नाहीये."

"ते ऐकू येतंय," तो म्हणाला.

पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. तू मध्येच म्हणालास, "ममा, ताल चुकतोय."

"ताल? तुला पाय टाकायला मी शिकवलं, आणि मला ताल शिकवतोस?"

"अगं, यंत्र थांबत नाही ना कुणासाठी. तू मागे राहतेस."

"मग त्याला सांग, आई बोलतेय म्हणून."

सगळे हसले. मला हसण्याचा राग नव्हता. मला राग आला तो तू घड्याळाकडे बघितलंस त्याचा. आणि मग डेनिसने त्याची ती गिटार माझ्या कानात अशी काही खरडली की माझं डोकं फिरलं. म्हणजे हो, मी ओरडले. "बंद करा तो डबा! एका आईला चार शब्द धड बोलू देत नाही, माणसं आहात का कोण आहात?" आणि काचेपलीकडे डेनिस कोवाल उडी मारून उभा राहिला, दोन्ही अंगठे वर करून, लॉटरी लागल्यासारखा. मला वाटलं, बिचारा शरमला असेल म्हणून समजूत घालतोय. एवढी मी खुळी.

काल तुझं पार्सल आलं. नवी तबकडी, वर चिठ्ठी, "ममा, आपण गाण्यांच्या यादीत पुन्हा वर चढतोय!" ओडेसाकडे जाऊन लावली, माझ्याकडे तो खेळ नाही. ओडेसा, तिची बहीण, सगळ्या कान टवकारून बसल्या, कारण मीच त्यांना सांगून ठेवलं होतं की यात मी माझ्या लेकीला घरी बोलावलंय.

रेनिटाचं नाव नाही. जेवण झाकलेलं नाही. "बंद करा तो डबा" आहे, गिटारीवर, तीच तीच ओळ, अडखळत, माकडाला दोरीने नाचवावं तशी. आणि जुनी हाक होती तिथेच आहे. ओडेसाने चहा टाकू का विचारलं. तिची दया मी आयुष्यात कधी घेतली नव्हती, सेड्रिक, ती काल घेतली.

तू म्हणशील, कंपनीने केलं. तू तिथेच बसला होतास. तुझे डोळे दिसत नव्हते, पण तू बसला होतास.

तुझी तबकडी वाया गेलेली नाही. तिच्यावर मी कालपासून गरम भांडी ठेवते. भांड्याचा चटका लागून वाकली आहे, पण तेवढ्या कामाला चालते.

हाक काढून टाक, हे तिसऱ्यांदा.

आई


११ एप्रिल १९८५

सेड्रिक,

रेनिटा सापडली.

सोमवारी सकाळी शाळेसमोर पाटी धरून उभी होते. एक लांबलचक निळी गाडी आली, खिडक्या उघड्या, आत तुझं गाणं ठणाणत होतं. मी नेहमीसारखी चिडून वळले, तर स्टिअरिंगवर वेंडेल टब्स. त्याने मला बघितलं आणि गाडी मागे घ्यायला लागला. मी पाटी त्याच्या गाडीच्या टपावर आपटली.

"रेनिटा कुठाय?"

"मिसेस पिंकनी, आधी पोरं जाऊ द्या ना. मागे गाड्या तुंबल्यात."

"तुंबू देत. माझी मुलगी कुठाय?"

"मला काय विचारता! तिने मला गेल्या उन्हाळ्यातच घराबाहेर काढलं. तोंड डिट्टो तुमचं आहे." मागचे भोंगे वाजायला लागले तसा तो आणखी घाबरला. "नूअर्कला आहे. स्प्रिंगफील्ड अव्हेन्यूवर केसांचं दुकान आहे, मिस आयरीनचं, तिथे काम करते. आता पाटी उचला, रंग निघतोय!"

मी त्याला सोडला. गाडीला चरा पडला असेल तर बरंच झालं.

आज गेले. दुकान लहानसं, तापल्या कंगव्याचा आणि जळक्या केसांचा वास. खुर्चीत एक जाडजूड बाई, आणि तिच्यामागे रेनिटा. अंगाने भरली आहे. केस अगदी आखूड कापलेत, तुझ्या आजीसारखी दिसते. फळीवर रेडिओ होता, पण त्याची वायर त्याच्याभोवतीच गुंडाळून ठेवलेली. मी दारातच म्हटलं, "रेनिटा."

तिने मान वर केली नाही. "केस करायचेत का? मग बसा. नंबर आला की बोलावते."

बसा म्हणाली मला. अहो-जाहो. मी बसले. जाताना नदीखालून जाणाऱ्या गाडीत मी नीट ठरवलं होतं काय बोलायचं ते. पण तोंडातून निघालं भलतंच. "पोटुशी पळून गेलीस आणि शेवटी लोकांची डोकी धुतेस होय?"

खुर्चीतली बाई ताठ झाली. "अगं बाई, हा आवाज! रेनिटा, हा तर तो रेडिओवरचा आवाज!" ती खुर्चीसकट वळली, अर्धे केस सरळ, अर्धे उभे. "तुम्हीच ना त्या? एकदा म्हणा ना, माझ्यासाठी. माझा नातू वेडा आहे तुमच्यासाठी!"

"मिस बर्निस, मान सरळ," रेनिटा म्हणाली, "नाहीतर कान भाजेल."

मी भिंतीवर लावलेला तिचा केस करण्याचा परवाना वाचला. तिचं नाव तिने पूर्ण लिहिलंय, रेनिटा यूला पिंकनी. माझं नाव गाळलेलं नाही. त्याने मला धीर आला, म्हणून मी म्हटलं, "त्या दिवशी मी हाक मारली, तर वर बघून हात उडवलास. कुठल्या मुलीने आईला असा हात उडवावा?"

तिचा हात थांबला.

"हात उडवला? ममा, मी टाटा केला तुला."

"टाटा?"

"सेड्रिकचे ते कपाटाएवढे स्पीकर माझ्या पाठीला लागलेले. मला माझा आवाज ऐकू येत नव्हता, तुझा कुठून येणार? वर बघितलं तर तू खिडकीत, हात हलवतेयस. मला वाटलं, ममाला कळलंय आणि ममा जाऊ देतेय. मी गाडीत वेंडेलला म्हटलंसुद्धा, बघ, माझ्या आईचं तोंड तिखट आहे, पण ती निरोप द्यायला खिडकीत आली."

सेड्रिक, मी त्या दिवशी खिडकीत मूठ हलवत होते. तिला ती मूठ आहे हे तिथून दिसलं नाही.

मी विचारलं, "मग परत का आली नाहीस? एक फोन नाही, काही नाही."

"रिकाम्या हाताने फोन काय करायचा तुला? तू विचारणार, काय करतेस, कशावर जगतेस. मी ठरवलं होतं, परवाना मिळाला की बाळाला घेऊन सरळ दारात उभी राहीन. सप्टेंबरात मिळाला. बाळाला पिवळा कोट घेतला. बॅग भरली. रविवारी निघणार होते." तिने कंगवा पुन्हा आचेवर ठेवला. "शुक्रवारी इथेच एका बाईचे केस करत होते आणि रेडिओवर सेड्रिक लागला. आमचा सेड्रिक! मी ओरडले. सगळ्यांना सांगितलं, हा माझा भाऊ आहे, ऐका. धावत जाऊन आवाज वाढवला, ममा, मीच वाढवला. आणि मग तू."

"त्यात तुझं नाव नाही," मी म्हटलं. तुझी बाजू घेतली मी, बघ. "त्याने कापलंय."

"नीट कापता आलं नाही त्याला. शेवटचा टा राहिलाय. रेनि-टा. लोकांना तो ढोलाचा ठोका वाटतो. तू हाका मारायचीस तेव्हा तू त्या टा वर किती जोर द्यायचीस ते मला माहीत आहे. मी जन्मभर तो ऐकलाय."

खुर्चीतली बाई आता हसत नव्हती. ती समोरच्या आरशात कुणाकडे बघावं ते न कळून स्वतःच्या मांडीकडे बघत होती.

मी म्हटलं, "ते रागात बोलले होते. आता चल घरी."

"मला राग नाही आला तुझा," ती म्हणाली, आणि खरंच नव्हता, राग असता तर मी ओळखला असता, तो माझ्याच घरचा आहे. "तो एका दिवसाचा राग होता, ते मला कळतं. पण ममा, मी ते आता इतक्यांदा ऐकलंय. रस्त्यात, दुकानात, शेजारच्या भिंतीतून. तू आत्ता चल घरी म्हणालीस ना, तेसुद्धा मला तसंच ऐकू आलं. तुझा दुसरा आवाज होता का कधी? मी आठवायला बघते. तू आम्हाला झोपवताना काहीतरी गुणगुणायचीस. ते आता येत नाही मला."

तेवढ्यात मागच्या खोलीत बाळ रडलं. मी उठले.

"बसा," ती म्हणाली.

ती आत गेली. रडणं थांबलं. पडद्याखालून मला पाळण्याचं एक चाक दिसत होतं. मुलगा की मुलगी, तिने सांगितलं नाही, आणि मी काही विचारणार नव्हते. आता विचारायला हवं होतं असं वाटतं. फार वाटतं. बाहेर येऊन तिने त्या बाईचे केस पुरे केले, तिला आरसा दाखवला, ती गेली. मग मला म्हणाली, "तुझा नंबर आला. पण आज मला जमणार नाही."

म्हणून मी निघाले.

तर आता तुझं काम. हाक काढून टाक असं मी तुला तीनदा लिहिलं. आता लिहीत नाही. राहू दे. मला वाटत होतं की ती पोर एकदा ऐकून गेली आणि तू तिला रोज ऐकवतोस. तसं नव्हतं. तिने ऐकलंच नव्हतं. माझे ते शब्द शाळेच्या आवारातच विरून गेले होते, तुझ्याच आवाजाखाली दबून, आणि माझी मुलगी एक वर्ष माझा निरोप घेऊन सुखाने जगली होती. तू ते शब्द उचललेस, पुसून स्वच्छ केलेस, मागे गिटार लावलीस आणि तिच्या हातात नेऊन दिलेस. मी बोलले, हे खरं. पण पोचवलंस तू. आता अख्ख्या जगाने ऐकलं काय आणि न ऐकलं काय, मला फरक पडत नाही.

ओडेसा सांगत होती की शनिवारी लॉस एंजेलिसला तुझा सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे, ते लांब केसांचे गिटारवालेही तुझ्याबरोबर आहेत, आणि टीव्हीवर दाखवणार आहेत. कंपनीतल्या त्या पोरीकडून मी हॉटेलचा पत्ता मागून घेतला. या वेळी तिला मी हवं ते म्हणून दाखवलं, म्हणून तिने लगेच दिला. पत्र तातडीच्या टपालाने टाकते आहे. शनिवारच्या आत पोचेल असं मघाशी येताना टपाल कचेरीतला माणूस म्हणाला.

दुकानाच्या दारात रेनिटाने माझी बाही धरली होती. सगळ्या भेटीत तेवढंच ती मला शिवली. म्हणाली, "ममा, यातलं सेड्रिकला काही सांगू नकोस हं. त्याला माहीत नाही मी ऐकलं नव्हतं ते. त्याला कळलं तर तो पुन्हा माइक हातात धरणार नाही. त्याला दुसरं काही येतं का? वचन दे."

मी वचन दिलं, घरी आले, कोटसुद्धा काढला नाही आणि तुला लिहायला बसले.

तुझी आई